ब्लॉकचेनमध्ये नेमके काय लपवलेले असते?

जीर्णपत्र (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या संस्थेकडे जुनी हस्तलिखिते, पत्रव्यवहार आणि सभांची इतिवृत्ते यांचा संग्रह असून त्यातील सुमारे पंधरा हजार पाने गेल्या तीन वर्षांत स्कॅन करून झाली आहेत. यातले पान न् पान माझ्या हातून गेले आहे, त्यामुळे या संग्रहाविषयी मला वाटणारी काळजी केवळ कामापुरती नाही. अलीकडे एका पुरवठादाराने हा सारा संग्रह ब्लॉकचेनवर ठेवण्याचा प्रस्ताव दिला. त्यात असे म्हटले आहे की, ब्लॉकचेनवर सर्व काही कूटबद्ध असते आणि म्हणूनच ते कोणालाही बदलता येत नाही. त्याच प्रस्तावात दोन परिच्छेद सोडून पुढे असेही लिहिले आहे की, ब्लॉकचेनवरील प्रत्येक नोंद जगातील कोणालाही पाहता येते.

ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात, हे मला उमगलेले नाही. नोंद सर्वांना दिसत असेल तर कूटबद्ध काय असते? आणि कूटबद्ध काहीच नसेल तर ती नोंद बदलण्यापासून लोकांना अडवते कोण? जाणकारांनी मुळापासून समजावून सांगितले तर फार उपकार होतील. गणित आले तरी चालेल, मी सावकाश वाचेन.

नवशिका

हाच प्रश्न मलाही बरेच दिवस पडलेला आहे, त्यामुळे धागा वाचत राहणार आहे.

मूळसंख्या

जीर्णपत्र, तुम्हांला दिसलेली विसंगती खरी आहे आणि चूक प्रस्तावातील पहिल्या विधानात आहे. बिटकॉइन या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या डिजिटल चलनाच्या नोंदवहीत काहीही कूटबद्ध केलेले नसते. कोणत्या पत्त्यावरून (म्हणजे खाते क्रमांकासारख्या खुणेवरून) कोणत्या पत्त्यावर किती रक्कम गेली, हे सर्व उघड्यावर मांडलेले असते. गैरसमज होतो तो यामुळे की, कूटशास्त्र म्हणजे गुप्त लिपी एवढाच अर्थ आपल्या मनात बसलेला आहे. वास्तविक आधुनिक कूटशास्त्राची तीन वेगळी कामे आहेत: मजकूर लपवणे, मजकूर बदलला गेला आहे की नाही हे ओळखणे आणि तो कोणी लिहिला हे सिद्ध करणे. ब्लॉकचेनचा सगळा डोलारा दुसऱ्या आणि तिसऱ्या कामावर उभा आहे.

आधी दुसरे काम पाहू. त्याचे साधन म्हणजे हॅश. कितीही लांबीचा मजकूर घ्यावा, ठरलेल्या कृतीने तो घुसळावा आणि शेवटी ठरावीक लांबीची एक संख्या मिळवावी, अशी ही कृती असते. बिटकॉइनमध्ये वापरली जाणारी शा-२५६ ही कृती नेहमी २५६ बिटांचे, म्हणजे ० किंवा १ अशा २५६ अंकांचे, उत्तर देते, मग आत एक अक्षर घाला किंवा अख्खा ग्रंथ घाला. हे उत्तर ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे वापरून ६४ चिन्हांत लिहितात. रोमन लिपीतील एबीसी ही तीन छोटी अक्षरे शा-२५६ मध्ये घातली तर उत्तर 'बीए७८१६बीएफ' असे सुरू होते आणि 'एफ२००१५एडी' असे संपते. जगातील कोणत्याही संगणकावर, कोणत्याही दिवशी हेच उत्तर येईल. त्यातील एक अक्षर बदलून पाहा, उत्तरातील सुमारे निम्मे बिट उलटतात आणि नव्या उत्तराचे जुन्याशी काही नाते दिसत नाही.

हॅशमध्ये किल्ली नसते, आणि म्हणून 'उलगडणे' हा प्रकारही नसतो. एका ग्रंथाचे ६४ चिन्हांत सार काढल्यावर त्या चिन्हांतून ग्रंथ परत मिळवता येत नाही, कारण तो त्यात साठवलेलाच नसतो. हॅश ही मजकुराची तिजोरी नव्हे, तो मजकुराच्या अंगठ्याचा ठसा आहे. ठशावरून माणूस घडवता येत नाही, पण समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, हे मात्र ताडून पाहता येते.

आता ब्लॉकचेन म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगता येते. नोंदींचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, तयार करायचा आणि त्यात आधीच्या ब्लॉकचा हॅश लिहायचा. पुढच्या ब्लॉकमध्ये या ब्लॉकचा हॅश लिहायचा, आणि असेच पुढे जायचे. मधल्या एखाद्या ब्लॉकमधील स्वल्पविराम जरी बदलला तरी त्याचा हॅश बदलतो, मग पुढच्या ब्लॉकमध्ये लिहिलेला हॅश जुळत नाही आणि फेरफार उघडा पडतो. स्वाक्षरीविषयी वेगळा प्रतिसाद लिहितो.

नवशिका

एक बाळबोध शंका आहे. उत्तरे मर्यादित आणि मजकूर अमर्याद असतील, तर दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश कधीतरी एकच येणार नाही का?

मूळसंख्या

नवशिका, शंका अगदी रास्त आहे. असे मजकूर असतातच, प्रश्न ते शोधता येतात का, एवढाच आहे. शा-२५६ ची शक्य उत्तरे २ च्या २५६ व्या घाताइतकी, आणि ही ७८ अंकी संख्या आहे. दोन मजकुरांची अशी टक्कर शोधायची तर त्यापेक्षा बरेच कमी, म्हणजे २ च्या १२८ व्या घाताइतके प्रयत्न पुरतात, पण तेही ३९ अंकी संख्येइतके होतात आणि आज कोणाच्याही आवाक्यात नाहीत. मात्र हे सर्व हॅशांना लागू नाही. एमडी५ या जुन्या कृतीतील टक्कर २००४ मध्ये दाखवली गेली आणि शा-१ मधील टक्कर २०१७ मध्ये, तीही एकच हॅश असणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली प्रत्यक्ष तयार करून. जीर्णपत्र, तुमच्या प्रस्तावात कोणता हॅश लिहिला आहे, ते अवश्य पाहा.

जीर्णपत्र

आत्ताच प्रस्ताव उघडून पाहिला. 'एमडी५ तपासणी' असे स्पष्ट लिहिले आहे. हे वाचून मी अस्वस्थ झालो आहे.

मूळसंख्या

अपघाताने बिघडलेली फाईल ओळखायला एमडी५ अजूनही पुरते, परंतु मुद्दाम केलेल्या बनावटीविरुद्ध त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि तुमच्या प्रस्तावाचा सारा दावा तर बनावटीविरुद्धच आहे. शा-२५६ मागा.

आता कबूल केल्याप्रमाणे स्वाक्षरीकडे वळतो. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली कल्पना अशी की, किल्ली एक नसून दोन असाव्यात: एक स्वतःजवळ ठेवायची खासगी किल्ली आणि दुसरी जगजाहीर करायची सार्वजनिक किल्ली. खासगीवरून सार्वजनिक काढणे सोपे, पण सार्वजनिकावरून खासगी काढणे व्यवहारतः अशक्य असायला हवे. हे कसे शक्य होते, ते लहान संख्यांवर करून पाहू. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर दहा मिनिटांत होईल.

सर्वांना दोन संख्या माहीत आहेत: २ आणि २३. नियम असा की, कोणताही गुणाकार केला की त्याला २३ ने भागून फक्त बाकी ठेवायची. माझी खासगी किल्ली ७ आहे. २ चा सातवा घात १२८, त्याला २३ ने भागल्यावर बाकी १३. ही १३ माझी सार्वजनिक किल्ली. या नियमात २ चा अकरावा घात २०४८ असून त्याची बाकी १ उरते, म्हणून घातांक ११ च्या अंतराने पुन्हा पुन्हा तेच येतात, आणि घातांकांचा हिशेब ११ ने भागून करता येतो.

आता स्वाक्षरी. मी यदृच्छेने एक गुप्त संख्या निवडतो, समजा ५. २ चा पाचवा घात ३२, बाकी ९. संदेश आणि हे ९ एकत्र करून त्याचा हॅश काढतो, समजा तो ३ आला. मग ५ + ३ × ७ = २६, आणि २६ ला ११ ने भागल्यावर बाकी ४. माझी स्वाक्षरी म्हणजे ९ आणि ४ ही जोडी. तुम्हांला माझी खासगी किल्ली ७ माहीत नाही, गुप्त संख्या ५ माहीत नाही. तरीही तुम्ही तपासू शकता: २ चा चौथा घात १६. दुसरीकडे, ९ गुणिले १३ चा घन (हॅश ३ आला म्हणून घन) म्हणजे १९७७३, त्याला २३ ने भागल्यावर बाकी १६. दोन्ही बाजू जुळल्या, म्हणजे स्वाक्षरी ७ जाणणाऱ्यानेच केलेली आहे.

२३ ही लहान संख्या असल्याने कोणीही घातांक एकेक करून तपासील आणि ७ शोधून काढील, हे खरे आहे. बिटकॉइनमध्ये या गुणाकाराची जागा एका दीर्घवृत्तीय वक्रावरील बिंदूंच्या बेरजेने घेतली आहे. त्या वक्राचे समीकरण 'य चा वर्ग = क्ष चा घन + ७' इतके साधे दिसते. कोब्लिट्झ आणि मिलर या दोघांनी १९८५ मध्ये स्वतंत्रपणे अशा वक्रांचा कूटशास्त्रातील उपयोग सुचवला. तेथे किल्ली २५६ बिटांची असते आणि एकेक तपासण्याचा मार्ग बंद होतो. वर दिलेली रीत श्नॉर यांच्या स्वाक्षरीची आहे. बिटकॉइनने ती नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वीकारली. त्याआधीपासून वापरात असलेली रीत याच जातकुळीची, पण थोडी अधिक किचकट आहे.

या संपूर्ण उदाहरणात संदेश कोठेही लपवलेला नाही, याकडे कृपया लक्ष द्यावे.

दुवा

मूळसंख्या, उदाहरण वहीत सोडवून पाहिले, अतिशय सुंदर उतरले आहे. मी काही वर्षे याच क्षेत्रात प्रोग्रॅमिंग केले असल्यामुळे त्यात एक भर घालतो.

त्या यदृच्छेने निवडलेल्या ५ कडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. समजा, मूळसंख्यांनी आळसाने दुसऱ्या संदेशासाठीही ५ च वापरला आणि त्या वेळी हॅश ६ आला. मग ५ + ६ × ७ = ४७, बाकी ३. दुसरी स्वाक्षरी झाली ९ आणि ३. दोन्ही स्वाक्षऱ्यांत पहिली संख्या ९ आहे, एवढे पाहूनच त्रयस्थाच्या लक्षात येते की गुप्त संख्या पुन्हा वापरली गेली आहे. तो दोन समीकरणांची वजाबाकी करतो, ५ निघून जातो आणि उरते एवढेच: 'किल्लीची तिप्पट, ११ ने भागल्यावर बाकी १०.' ७ ची तिप्पट २१, बाकी १०. किल्ली हाती लागली, आणि गणित कोठेही मोडावे लागले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडवरील यादृच्छिक संख्या देणाऱ्या भागात दोष असल्याचे उघड झाले, तेव्हा काही बिटकॉइन वॉलेटांतून (म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमांतून) नेमकी अशीच चोरी झाली होती.

म्हणून माझे सांगणे असे की, या तंत्रात वक्र आणि हॅश क्वचितच दगा देतात. दगा देतो तो किल्ली सांभाळणारा प्रोग्रॅम किंवा माणूस.

चिकित्सक

येथपर्यंत सर्व मान्य आहे, पण साखळीविषयी मूळसंख्यांनी जे लिहिले त्यात मोठी फट राहते. मी मधला ब्लॉक बदलला आणि त्यापुढच्या सर्व ब्लॉकांचे हॅश नव्याने काढून संपूर्ण साखळी पुन्हा विणली, तर ती आतून पूर्णपणे सुसंगत दिसेल. हॅश काढायला संगणकाला क्षणसुद्धा लागत नाही. मग फेरफार उघडा कसा पडणार?

दुवा

चिकित्सक, फट अचूक दाखवलीत. नुसती हॅशांची साखळी फेरफार अडवू शकत नाही. ती पुन्हा विणणे महाग व्हावे लागते, किंवा तिची प्रत तुमच्या आवाक्याबाहेर इतरांकडे असावी लागते. बिटकॉइनने दोन्ही केले.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेला लेख केवळ नऊ पानांचा आहे. मध्यस्थ नसताना एकच पैसा दोनदा खर्च होऊ नये, यासाठी व्यवहारांचा क्रम कोणी ठरवायचा, हा त्यातील मूळ प्रश्न. त्याचे उत्तर असे की, ब्लॉकच्या ८० बाइटांच्या शीर्षकात एक बदलता आकडा ठेवायचा आणि शीर्षकाचा हॅश ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान येईपर्यंत तो आकडा बदलत राहायचे. हॅशचे उत्तर आधी सांगता येत नसल्यामुळे प्रयत्न करत राहण्यावाचून गत्यंतर नसते. उत्तर सापडायला अब्जावधींच्या अब्जावधी प्रयत्न लागतात, पण सापडलेले उत्तर बरोबर आहे का, हे एका फटक्यात तपासता येते. ही युक्ती ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये नको असलेल्या ईमेलना आळा घालण्यासाठी सुचवली होती.

साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक निघावा म्हणून दर २०१६ ब्लॉकांनंतर काठिण्य कमीजास्त केले जाते. ज्या साखळीत सर्वाधिक श्रम ओतलेले असतील ती सर्वांनी खरी मानायची, हा नियम. आता तुम्ही मधला ब्लॉक बदललात तर त्यापुढचे सर्व श्रम पुन्हा करावे लागतील, आणि तेही बाकीचे सगळे जग पुढे धावत असताना. नाकामोतो यांनी हिशेब मांडला आहे: एकूण गणनशक्तीच्या १० टक्के शक्ती जवळ असलेला हल्लेखोर सहा ब्लॉक मागे पडला असेल, तर तो खऱ्या साखळीला कधीतरी गाठील याची शक्यता ०.०००२४२८ आहे. निम्म्याहून अधिक शक्ती त्याच्याजवळ असेल तर मात्र हे संरक्षण संपते. लहान नाण्यांच्या बाबतीत असे हल्ले झालेले आहेत. बिटकॉइन गोल्डवर २०१८ मध्ये झाला, इथेरियम क्लासिकवर २०१९ आणि २०२० मध्ये झाले.

विजेरी

म्हणजे संरक्षणाची सारी किंमत विजेच्या रूपाने मोजली जाते, असाच याचा अर्थ ना? एका देशाला पुरेल इतकी वीज निव्वळ आकडे लावून पाहण्यात जावी, हे मला पटत नाही, मग त्यामागचे गणित कितीही देखणे असो.

दुवा

विजेरी, बिटकॉइनच्या बाबतीत तुमची हरकत मला मान्य आहे. दुसरा मार्गही आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या साखळीने १५ सप्टेंबर २०२२ रोजी श्रमाऐवजी तारणाची पद्धत स्वीकारली. तेथे ब्लॉक तपासू इच्छिणाऱ्याला किमान ३२ इथर (इथेरियमचे चलन) अडकवून ठेवावे लागतात आणि त्याने एकाच जागी दोन परस्परविरोधी ब्लॉकांना होकार दिला तर तारण कापले जाते. या बदलाने त्या जाळ्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. श्रमाने मिळणारे संरक्षण आणि तारणाने मिळणारे संरक्षण एकाच तोलाचे आहे का, यावर मात्र जाणकारांत मतभेद आहेत.

चिकित्सक

दुवा, खुलासा नेमका होता. परंतु मूळ धाग्याकडे पाहता मला वाटते की, ही सारी यंत्रणा एकमेकांवर अजिबात विश्वास नसलेल्या अनोळखी लोकांसाठी आहे. जीर्णपत्रांच्या संस्थेत अनोळखी कोण आहे? एक साधा डेटाबेस, त्यात प्रत्येक फाईलचा शा-२५६ हॅश आणि तीन ठिकाणी ठेवलेल्या प्रती, एवढ्याने काम भागते. ब्लॉकचेनचे नाव घेतले की प्रस्तावाची किंमत वाढते, पण संरक्षण वाढतेच असे नाही.

दुवा

येथे मी असहमत आहे. डेटाबेस ज्याच्या हाती, तोच फाईल बदलून हॅशही बदलू शकतो. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? संस्थेचे विश्वस्त बदलतात, वाद होतात, आणि पन्नास वर्षांनी कोणी विचारले की हे इतिवृत्त नंतर घुसडलेले नाही कशावरून, तर संस्थेचाच डेटाबेस संस्थेच्या बाजूने साक्षीदार म्हणून कसा चालेल? बाहेरचा, कोणाच्याही मुठीत नसलेला साक्षीदार हवाच.

मूळसंख्या

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि योगायोगाने नेमका हाच पेच बिटकॉइनच्या सतरा वर्षे आधी सोडवला गेला होता. हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये एक प्रश्न मांडला: डिजिटल दस्तऐवज अमुक दिवशी अस्तित्वात होता, हे शिक्का मारणाऱ्यावर विश्वास न ठेवता कसे सिद्ध करावे? दस्तऐवजांचे हॅश एकमेकांत गुंफून त्यांची साखळी करायची, असे त्यांनी सुचवले. चिकित्सकांनी दाखवलेली फट बुजवण्यासाठी त्यांनी काय केले, ते मला फार मोलाचे वाटते. १९९५ पासून त्यांच्या कंपनीने सर्व हॅशांचा मिळून एक हॅश दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातीसारखा छापायला सुरुवात केली. अंक घरोघरी आणि ग्रंथालयांत गेले. आता तो आकडा बदलायचा तर जगभरचे जुने अंक गोळा करून पुन्हा छापावे लागतील. नाकामोतो यांच्या लेखात एकूण आठ संदर्भ आहेत आणि त्यातील तीन या दोघांच्या लेखनाचे आहेत.

हजारो फायलींचा मिळून एक हॅश कसा होतो, तेही सांगतो. फायलींचे हॅश दोन-दोनच्या जोड्यांत घेऊन प्रत्येक जोडीचा हॅश काढायचा, मग त्या हॅशांच्या जोड्या करायच्या, आणि शेवटी शेंड्याला एकच हॅश उरेपर्यंत वर जात राहायचे. राल्फ मर्कल यांच्या नावाने हे मर्कल वृक्ष म्हणून ओळखले जाते. पंधरा हजार पानांसाठी याच्या चौदा पायऱ्या होतात. एखादे पान या संग्रहात होते हे सिद्ध करायला ते पान आणि वाटेतले चौदा हॅश, म्हणजे ४४८ बाइट, एवढेच पुरतात. बाकीची १४,९९९ पाने दाखवावी लागत नाहीत.

निळी शाई

माझे काम दस्तऐवजांच्या सत्यतेशी निगडित आहे, म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगते.

पहिली गोष्ट अशी की, आज एखाद्याने खोटे पत्र तयार केले, स्कॅन केले आणि त्याचा हॅश जगातील सर्वांत मजबूत साखळीवर नोंदवला, तर ते खोटे पत्र अत्यंत मजबुतीने जतन होईल. अमुक तारखेनंतर ते बदललेले नाही, इतकीच ग्वाही साखळी देते. त्या तारखेपूर्वी काय घडले, लिहिणारा खरा होता का, याविषयी ती मुकी आहे. शाई, कागद, घड्या आणि हस्ताक्षर यांचे काम तसेच उरते.

दुसरी गोष्ट खासगीपणाची. जुन्या पत्रव्यवहारात लोकांची आजारपणे, कर्जे आणि घरगुती भांडणे असतात. मूळ स्कॅनच सार्वजनिक साखळीवर चढवले आणि उद्या एखाद्या कुटुंबाने ते काढून टाकण्याची विनंती केली, तर ती पुरी करता येणार नाही. म्हणून फाईल कधीही साखळीवर ठेवू नये, फक्त हॅश ठेवावा.

मूळसंख्या

निळी शाई यांच्या दुसऱ्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. मजकूर लहान आणि अंदाज करण्याजोगा असेल तर हॅशही पुरेसा आडपडदा देत नाही. समजा, कोणी दहा अंकी दूरध्वनी क्रमांकाचा हॅश प्रसिद्ध केला. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरे, पण शक्य असलेले सर्व क्रमांक एकेक करून हॅशमध्ये घालून जुळवून पाहणे साध्या संगणकालाही जमते. अशा ठिकाणी मजकुराला एक लांबलचक गुप्त यादृच्छिक संख्या जोडून मग हॅश काढतात. स्कॅन केलेल्या चित्रात कोट्यवधी बिट असल्याने तुमच्या पानांना हा धोका जवळजवळ नाही, पण सूचीतील नावे आणि तारखा यांना आहे.

नवशिका

तर मग ब्लॉकचेनवर खरोखर काही लपवताच येत नाही का?

दुवा

येते, पण ती वेगळी शाखा आहे. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये शून्यज्ञान सिद्धतेची कल्पना मांडली, म्हणजे एखादे विधान खरे आहे एवढेच पटवायचे आणि त्यापलीकडे काहीही उघड करायचे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या झीकॅशने ही कल्पना वापरून रक्कम आणि पत्ते झाकूनही व्यवहार वैध असल्याचे सिद्ध करण्याची सोय दिली. सर्वसाधारण साखळ्यांत हे आपोआप असते, असे मात्र कोणी समजू नये.

विजेरी

'बदलता येत नाही' या शब्दांवरही मला बोलायचे आहे. जून २०१६ मध्ये इथेरियमवरील 'द डाओ' नावाच्या सामूहिक गुंतवणूक प्रकल्पाच्या प्रोग्रॅममधील चुकीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले. जुलैमध्ये बहुसंख्यांनी नियम बदलून ते परत आणले, आणि ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक म्हणून चालू ठेवली. तेव्हा साखळी न बदलण्याचा निश्चय शेवटी माणसांचाच असतो, हे आपण विसरू नये. पीडितांचे पैसे परत मिळाले याचा मला आनंदच आहे, पण प्रस्तावात 'कोणालाही' हा शब्द इतक्या सहज लिहू नये.

पुंजकण

पन्नास वर्षांचा विषय निघाला आहे, म्हणून क्वांटम संगणकाचा, म्हणजे सूक्ष्मकणांच्या नियमांवर चालणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या संगणकाचा, उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलेली रीत पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर चालली तर मूळसंख्यांनी समजावलेल्या स्वाक्षऱ्या मोडतील, कारण सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढता येईल. हॅशचे तसे नाही. ग्रोवर यांची १९९६ ची रीत २५६ बिटांच्या शोधाचे श्रम १२८ बिटांच्या शोधाइतके खाली आणते, आणि तेही डोंगराएवढेच राहतात. अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमनंतरच्या काळासाठी तीन प्रमाणके प्रसिद्ध केली आणि त्यांतील एक स्वाक्षरी-पद्धत पूर्णपणे हॅशवर बेतलेली आहे. त्यामुळे ज्यांना फक्त पानांचे ठसे जपायचे आहेत, त्यांची बाजू नाण्यांची देवघेव करणाऱ्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

चिकित्सक

मर्कल वृक्ष आणि वर्तमानपत्र यांविषयी वाचून मी माझे मत थोडे बदलतो. जीर्णपत्रांनी संपूर्ण संग्रहाचा एकच हॅश काढावा. तो संस्थेच्या वार्षिक अहवालात छापावा, दोन-तीन ग्रंथालयांना अहवाल पाठवावा आणि वाटल्यास तोच ३२ बाइटांचा आकडा एखाद्या सार्वजनिक साखळीवर एका व्यवहारात नोंदवावा. साक्षीदार बाहेरचा मिळतो आणि पंधरा हजार फायली कोणाच्या भाडोत्री साखळीवर अडकत नाहीत.

दुवा

याला माझी पूर्ण सहमती आहे. फक्त हॅश कोणत्या कृतीने आणि फायली कोणत्या क्रमाने घेऊन काढला, हेही अहवालात शब्दांत छापा. क्रम बदलला तर शेंड्याचा हॅश बदलतो, आणि तीस वर्षांनी तपासणाऱ्याला ते कळायला दुसरा मार्ग नसेल.

जीर्णपत्र

सर्वांचे मनापासून आभार. मूळसंख्यांचे उदाहरण वहीत दोनदा सोडवले. दुसऱ्यांदा १९७७३ ला २३ ने भागून १६ उरले, तेव्हा लपवणे आणि सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथमच नीट समजले. माझा पहिला प्रश्न तेथेच सुटला.

पुरवठादाराला कळवण्याआधी मी एक काम केले. संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर आहेत. दोन्हींतील प्रत्येक फाईलचा शा-२५६ हॅश काढून याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. अकरा फायलींचे हॅश जुळले नाहीत. उघडून पाहिले तर दोन पानांचा खालचा अर्धा भाग एका डिस्कवर निव्वळ राखाडी झाला आहे, आणि तो केव्हा झाला ते सांगता येत नाही. उरलेल्या नऊ फायली दोन्हीकडे डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात. त्यातली मूळ कोणती, हे कसे ठरवावे?

मूळसंख्या

हॅश ते सांगणार नाही, दोन्ही वेगळ्या आहेत एवढेच तो सांगतो. बहुधा कोणीतरी त्या नऊ फायली एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा साठवल्या असतील. तसे केल्याने चित्र तेच राहून फाईलमधील तारीख किंवा दिशेची नोंद बदलते. आधी दोन्हीकडील चित्राचे बिंदू एकमेकांशी ताडून पाहा. ते जुळले तर कोणतीही एक प्रत ठेवता येईल. जुळले नाहीत तर मूळ कागदाशी तुलना करण्यावाचून इलाज नाही.

जीर्णपत्र

सहा फायलींचे बिंदू जुळले, तीन पानांचे जुळत नाहीत. ती तिन्ही पाने एकाच इतिवृत्ताच्या वहीतील आहेत. वही कपाटातून काढून ठेवली आहे, सकाळच्या उजेडात पाहतो. तोवर दोन्ही डिस्कवरील कोणतीही फाईल कोणी उघडू नये, असे कार्यालयात सांगितले आहे.